नाताळाचे अंगभर कपडे घरच्या मशीनवर: खान्देशातील कुटुंबासाठी मापापासून घडीपर्यंत

खान्देशात नाताळाच्या कपड्यांची तयारी दिवाळी संपताच सुरू केलेली बरी. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि गावातला टेलर त्यात इतका गुंततो की डिसेंबरात दिलेले ब्लाउज वेळेवर मिळण्याची खात्री राहत नाही. शिवाय कापूस वेचणीला येऊन घरात थोडा पैसा खेळू लागतो तोही याच काळात, त्यामुळे कापडाची खरेदी एकदम न करता दोन हप्त्यांत करता येते. घरात मशीन असेल, मग ते पायाने चालवायचे जुने मशीन का असेना, तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकेक नवा कपडा घरीच शिवून देणे मध्यम बेताच्या कुटुंबालाही जमते.

हे मार्गदर्शन नवापूर-चिंचपाड्याकडील आदिवासी ख्रिस्ती घरांना, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील कुटुंबांना आणि जळगाव, धुळे, नंदुरबार येथील मंडळ्यांमधील, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायांतील, भगिनींना समोर ठेवून लिहिले आहे. मात्र ज्यांना साधे, शालीन आणि अंगभर कपडे घरी शिवायचे आहेत अशा कोणालाही ते उपयोगी पडेल. अंगभर कपडा म्हणजे ढगळ कपडा, ही समजूत मला मान्य नाही. ढगळ कपड्याचा गळा वाकताना पुढे लोंबतो, खांदा घसरतो आणि तो नेसणारी बाई दिवसभर पदर-ओढणी सावरत राहते. अंगभर कपडा मापातून येतो, जास्तीच्या कापडातून नव्हे. गळा आणि खांदा नेमका बसला, तर त्याखाली हवी तेवढी मोकळीक देता येते आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसाचे लक्ष स्वतःच्या कपड्यांकडे जात नाही.

साधेपणाची आणखी एक बाजू खर्चाची आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांच्या वेषाविषयी जे सांगितले आहे, ते सांगताना आपण बहुधा अंग झाकण्यावर थांबतो. पण तिथे सोने, मोती आणि मोलवान वस्त्रे यांनी स्वतःला सजवू नये असेही स्पष्ट म्हटले आहे. म्हणून कर्ज काढून घेतलेली भरजरी साडी कितीही अंगभर असली तरी तिला मी साधी म्हणणार नाही. घरी शिवण्याचे खरे मोल मला इथेच दिसते.

कामाचा क्रम

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घरातील प्रत्येकाचे माप वहीत उतरवावे आणि कपाटातील जुने कपडे, साड्या व उरलेले तुकडे एकदा बाहेर काढून पाहावेत. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळापूर्वीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. त्या रविवारपूर्वी कापड विकत आणून, भिजवून, वाळवून तयार असले म्हणजे पुढचे तीन आठवडे शिवणीला मिळतात. आधी मोठ्यांचे कपडे शिवावेत आणि लहान मुलांचे शेवटी, कारण मुले महिन्याभरातही वाढतात. कच्चे टाके घालून अंगावर घालून पाहणे १५ डिसेंबरपर्यंत उरकावे. २० तारखेनंतर मशीनला हात लावावा लागू नये अशाच बेताने काम आखावे, कारण त्यानंतर फराळ, घराची सजावट, कॅरल फेरी आणि पाहुणे यांतून स्वस्थ बसायला वेळ मिळत नाही. जिथे भारनियमनाचा त्रास आहे, तिथे कापणी दिवसाच्या उजेडात करून ठेवावी आणि हातशिलाई, काजे, बटणे अशी कामे संध्याकाळसाठी राखावीत.

कापड निवडताना

खान्देशचा डिसेंबर विचित्र असतो. पहाटे पारा दहा अंशांच्या जवळ येतो, काही वर्षी त्याच्याही खाली जातो, आणि दुपारी मात्र तीसच्या आसपास चढतो. २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या उपासनेला जो कपडा उबदार वाटतो, तोच २५ तारखेच्या दुपारी जेवणाच्या पंगतीत नकोसा होतो. म्हणून जाड कापडाचा एकच पोशाख शिवण्यापेक्षा सुती पोशाख आणि त्यावर काढता-घालता येणारी बंडी किंवा शाल ही जोडी मला अधिक योग्य वाटते.

जळगावचे फुले मार्केट आणि धुळ्याचा पाचकंदील परिसर येथे कापडाची हवी तेवढी दुकाने आहेत. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या गावांतील पुष्कळ कुटुंबे थेट सुरतेहूनही कापड आणतात. नवापूरकरांना तर सुरत जवळच, कारण त्यांचे रेल्वेस्थानकच महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर उभे आहे. सुरतेचे कापड दिसायला सुंदर आणि खिशाला परवडणारे असते. पण त्यात जॉर्जेट, क्रेप, सॅटिन आणि नेट या कृत्रिम धाग्यांच्या कापडांचा भरणा अधिक असतो. नाताळात मेणबत्त्या हातात धरून उभे राहायचे असते. कृत्रिम धागा ज्योतीजवळ आला की वितळून त्वचेला चिकटतो आणि नेटचे थर फार वेगाने पेटतात. लहान मुलींना नेटचे फुगीर फ्रॉक घालून त्यांच्या हातात पेटती मेणबत्ती देणे मी कधीही सुचवणार नाही. मुलांच्या अंगावर केंब्रिक, पॉपलीन, खादी असे अंगासरशी बसणारे सुती कापड असावे, बाहीची टोके लोंबती नसावीत आणि मेणबत्ती मोठ्या माणसानेच धरावी.

कापड हातात घेतल्यावर दोन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. एक म्हणजे कापडाच्या मागे पंजा धरून ते उजेडाकडे करावे. बोटे मोजता आली तर अस्तर लागणार हे समजावे. पांढऱ्या आणि फिकट रंगांत हे विशेष पाहावे, कारण सकाळच्या उन्हात चर्चच्या दारात उभ्या असलेल्या व्यक्तीच्या पाठीमागून प्रकाश येतो आणि घरात दाट वाटलेले कापड तिथे आरपार दिसते. दुसरी गोष्ट पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. ३६ इंच पन्ह्याच्या आणि ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका कुर्त्यामागे अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक पडू शकतो, त्यामुळे केवळ मीटरचा भाव ऐकून कापड स्वस्त की महाग ते ठरवू नये.

सुती कापड घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून आणि इस्त्री करूनच कापावे. ते पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर आटू शकते, आणि बेचाळीस इंचांचा कुर्ता त्या हिशेबाने दीड-दोन इंचांनी आखूड होतो. अस्तराचे मलमलही असेच भिजवावे. नाहीतर धुतल्यावर आतले अस्तर आटते आणि वरचे कापड फुगून राहते. नाताळासाठी लाल आणि पांढरे कापड एकत्र वापरण्याची हौस असते. अशा वेळी लाल कापड वेगळे, पाण्याला रंग येणे थांबेपर्यंत धुवावे आणि ओले असतानाच त्यावर पांढरा रुमाल घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याला जोडू नये.

माप घेण्याची पद्धत

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ मापाला द्यावा, असे माझे मत आहे. टेलरकडे आपण ताठ उभे राहून माप देतो, पण नाताळात आपण ताठ उभे नसतो. मंडळीत खाली मांडी घालून बसतो, गुडघे टेकतो, गाताना हात वर करतो, लहान मुलाला उचलतो आणि पंगतीत वाकून वाढतो. म्हणून उभ्याने घेतलेल्या मापाबरोबर तीन मापे आणखी घ्यावीत.

पहिले माप बसून घेतलेल्या सीटचे. “आई, जरा मांडी घालून बसता का?” असे सासूबाईंना म्हणून सतरंजीवर बसवावे आणि टेप कमरेखाली सर्वांत रुंद भागावरून फिरवावा. उभ्याने आलेल्या मापापेक्षा हे एक-दोन इंचांनी मोठे येते, आणि कुर्ता किंवा सदरा याच मापावर कापला तर बसल्यावर शिवण ताणत नाही. दुसरे माप हात वर करून: मानेच्या मागच्या हाडापासून कमरेपर्यंतची लांबी हात खाली असताना आणि वर असताना अशी दोनदा मोजावी. ब्लाउजची उंची ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा, नाहीतर गाताना हात वर गेला की पोट उघडे पडते. तिसरे माप गळ्याचे. मानेच्या बुडाशी पुढे जो खळगा असतो तिथून खाली चार बोटे मोजून खडूने खूण करावी आणि त्या व्यक्तीला वाकून जमिनीवरची वस्तू उचलायला सांगावे. पुढचा गळा त्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये.

गळा लोंबण्याचे कारण बहुतेक वेळा त्याची खोली नसून रुंदी असते. खांद्यावर गळा पाव इंच जरी अधिक रुंद कापला गेला, तरी तो पुढे सैल पडतो. गळा मोकळा करायचाच असेल तर रुंदी न वाढवता मागे तीन इंचांची चीर देऊन वर हुक लावावा.

मुलगी वयात आलेली असेल तर मापाच्या वेळी आणखी एक पथ्य पाळावे. तिला रंग, बाहीची लांबी आणि गळ्याचा आकार आपणहून निवडू द्यावा. आपण फक्त मर्यादा सांगावी. रागावून लादलेला लांब बाहीचा ड्रेस एका नाताळापुरता अंगावर येतो. तिच्या आवडीने शिवलेला ड्रेस ती वर्षभर वापरते, आणि पुढच्या वर्षी कापड निवडायला स्वतःहून येते.

लांब बाह्यांचा कुर्ता

३६ इंच छातीसाठी, गुडघ्याखाली जाणाऱ्या आणि पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड पुरते. छातीच्या मापात चार इंच सैल मिळवून त्याचे चार भाग करावेत, म्हणजे १० इंच, आणि त्यात शिवणीसाठी एक इंच घालून घडीच्या कापडावर ११ इंचांवर खूण करावी. पूर्ण खांदा साडेचौदा इंच असेल तर घडीवर सव्वासात इंच घ्यावा. कापडावर थेट खडू ओढण्यापेक्षा जुन्या वर्तमानपत्रावर कागदी नमुना काढून तो जपून ठेवावा; पुढच्या वर्षी निम्मे काम वाचते.

मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, खोल कापला म्हणजे हात मोकळा होतो असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना सगळा कुर्ता वर ओढला जातो. ३६ छातीला साडेसात ते आठ इंच मुंढा पुरेसा आहे. त्यानेही घट्ट वाटत असेल तर काखेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवावा, जसा जुन्या सदऱ्यांत चौबगला असतो. या एका तुकड्याने लांब बाहीच्या कपड्यात स्वयंपाकघरातील कामसुद्धा सहज करता येते.

बाजूची चीर कुठे सुरू करायची हेही बसून ठरवावे. तयार कुर्त्यात ती सीटच्या रेषेवरच सुरू होते आणि बसल्यावर वर उघडते. ती तीन-चार इंच खाली, म्हणजे खांद्यापासून साधारण २५ इंचांवर सुरू करावी. चीर नकोच असेल तर खालचा घेर किमान ५६ इंच ठेवावा. त्यापेक्षा कमी घेरात पायऱ्या चढताना पाय अडतो आणि रिक्षात बसणेही कठीण होते.

शिवताना सुती कापडाला १४ नंबरची सुई आणि इंचाला १० ते १२ टाके ठेवावेत. जॉर्जेटला ११ नंबरची सुई लागते. आधी खांदे जोडावेत, मग गळ्याला उरेप पट्टी लावून ती आत वळवावी. पट्टी तिरप्या कापडाचीच हवी, कारण सरळ कापडाची पट्टी गोल गळ्यावर चुण्या पाडते. त्यानंतर बाह्या, मग बाजू आणि शेवटी खालची दुमड. खालच्या दुमडीत दीड इंच कापड ठेवून हातशिलाई करावी, म्हणजे पुढे उंची वाढवता येते. बाजूच्या शिवणीला अर्ध्या इंचाऐवजी एक इंच कापड आत ठेवण्याची सवय लावून घ्यावी, कारण अंग भरले तरी कपडा उसवून पुन्हा वापरता येतो.

आईच्या साडीतून दोन बहिणींचे फ्रॉक

घरातील शिवणीपैकी सर्वांत समाधान देणारे काम माझ्या मते हेच आहे. साडेपाच मीटर लांबीची, ४४ इंच पन्ह्याची आणि दोन्ही बाजूंना काठ असलेली सुती साडी घ्यावी. नेसून नेसून साडी मधोमध विरते, पण पदराकडचा आणि आत खोचला जाणारा भाग चांगला असतो. दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये कापड ताणून उजेडाकडे धरले की विरलेली जागा लगेच दिसते.

चांगल्या भागातून ६६ इंच लांबीचा तुकडा कापावा. आता त्याची रुंदी बरोबर मधोमध विभागायची आहे, म्हणजे प्रत्येकी २२ इंच उंचीच्या दोन पट्ट्या मिळतात आणि दोन्हींना खाली आयता काठ येतो. जुने कापड फाडू नये. मधला एक धागा सुईने उचलून हलकेच ओढावा आणि त्याने जी बारीक रेघ उमटते तिच्यावरून कात्री चालवावी. काठालाच खालची दुमड समजावी, तिथे शिलाईची गरज नाही.

सहा वर्षांच्या मुलीचे कमरेपासून पोटरीपर्यंतचे माप साधारण १९ इंच येते. २२ इंच उंचीतून अर्धा इंच कमरेच्या शिवणीत जातो आणि उरलेल्या अडीच इंचांची वाढीची चुणी घालायची. काठाच्या वर दोन बोटे अंतर सोडून कापड आडवे दुमडावे आणि सव्वा इंच खोलीवर लांब टाक्यांची शिलाई मारावी. बाहेरून ती नक्षीसारखी दिसते. पुढच्या वर्षी उसवली की फ्रॉक अडीच इंचांनी लांब होतो. उसवल्यावर जी रेघ उरते, तिच्यावर लेस किंवा गोट लावावा.

वरची चोळी याच साडीच्या उरलेल्या भागातून दुहेरी कापडाची करावी, म्हणजे वेगळे अस्तर लागत नाही. २४ इंच छातीला तीन इंच सैल धरून चौथा हिस्सा पावणेसात इंच आणि शिवणीसाठी एक इंच, असे घडीवर पावणेआठ इंच घ्यावे. मुंढा साडेपाच इंच, पुढचा गळा अडीच इंच, मागचा दीड इंच. एवढ्या लहान गळ्यातून डोके जात नाही, म्हणून मागे पाच इंचांची चीर ठेवून तीन बटणे लावावीत. बाही कोपरापर्यंत ९ इंच पुरे. हिवाळ्यात मनगटापर्यंत हवी असेल तर १४ इंच घ्यावी आणि टोकाला सैल इलॅस्टिक घालावे. खालच्या पट्टीला वरून दोन समांतर लांब शिलाया मारून दोरे ओढावेत, चुण्या सारख्या पसराव्यात आणि मग चोळीला जोडाव्यात. चोळी आणि घेर यांच्या जोडावर काठाची एक इंच पट्टी लावली तर जोड झाकला जातो. दुसऱ्या बहिणीच्या मापाने चुणीची खोली कमी-जास्त केली की दोघींचे फ्रॉक जुळ्यासारखे दिसतात.

ब्लाउज, सदरा आणि बंडी

ब्लाउज अंगभर करण्यासाठी फार काही लागत नाही. मागचा गळा चार-पाच इंचांवर थांबवावा, बाही कोपरापर्यंत म्हणजे १० ते ११ इंच घ्यावी आणि उंची नेहमीपेक्षा दीड इंच वाढवावी. साडीबरोबरचा ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटीमीटरचा असतो आणि कोपरापर्यंतच्या बाहीला तो अपुरा पडतो. अशा वेळी त्याच रंगाचे २×२ रुबिया वेगळे एक मीटर घ्यावे किंवा बाहीच्या टोकाला साडीच्या आतल्या टोकाचा काठ जोडावा. जुना आखूड ब्लाउज वाढवायचा असेल तर खालून दोन इंचांची दुहेरी पट्टी जोडावी. उपासनेत पदर डोक्यावरून घेणाऱ्या भगिनींनी साडी नेसताना पदर नेहमीपेक्षा वीतभर लांब सोडावा आणि खांद्यावर आतून पिन लावावी, म्हणजे डोक्यावरचा पदर ओढला तरी छातीवरचा सरकत नाही.

पुरुषांच्या सदऱ्याला वेगळे सांगण्यासारखे थोडे आहे. जुना नीट बसणारा सदरा कागदावर पसरून त्याचा नमुना काढावा आणि कॉलर ताठ राहण्यासाठी आत बकरम (जाड, कडक कापड) घालावे.

बंडी मात्र खान्देशातील घरात जरूर शिवावी. कापूस आपल्याच मातीतला आहे आणि पिंजाऱ्याकडे सरकी काढून पिंजलेला कापूस पाव किलो घेतला तरी एका मोठ्या माणसाच्या बंडीला पुरतो. वरचे कापड आणि अस्तर छातीच्या मापापेक्षा सहा इंच सैल कापावे. अस्तरावर कापसाचा सारखा पातळ थर पसरावा, वरून कापड घालून धावदोऱ्याने सगळे एकमेकांना धरावे आणि नंतर दोन-दोन इंचांवर उभ्या शिलाया माराव्यात, म्हणजे कापूस धुण्यात एका जागी गोळा होत नाही. यासाठी १६ नंबरची सुई लावावी. पुढे बटणे, दोन्ही बाजूंना खिसे, बाह्या नाहीत. आजोबांना मध्यरात्रीच्या उपासनेला, आजींना कुर्त्यावर किंवा साडीवर आणि मुलांना प्रभात फेरीला तीच बंडी चालते. आणि ती सुती असल्याने स्वेटरच्या कृत्रिम लोकरीसारखी वितळून त्वचेला चिकटत नाही.

मुलांच्या नाटिकेचे पोशाख

संडे स्कूलच्या ख्रिस्तजन्माच्या नाटिकेसाठी नवीन कापड आणू नये, घरातील वस्तूंतून सगळे पोशाख होतात. मरियेला निळी सुती ओढणी आणि पायघोळ साधा झगा, योसेफाला तपकिरी सदरा व खांद्यावर उपरणे. मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी द्यावी. आपल्याकडे मेंढ्या राखणारे खरोखर तीच वापरतात. देवदूतांचे झगे पांढऱ्या चादरीतून, मध्ये गळा कापून आणि कमरेला नाडी बांधून करावेत. पंख पुठ्ठ्याचे असतील तर त्या मुलांना मेणबत्त्यांपासून लांब उभे करावे. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक (ज्ञानी) किती होते हे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलेले नाही, तिथे सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी आहेत. त्यामुळे वर्गात मुले जास्त असतील तर चार किंवा पाच मागी लोक उभे करायला हरकत नाही. भरजरी ब्लाउजपीसचे फेटे आणि रेशमी साड्यांचे अंगरखे त्यांना शोभतात. झगे घोट्याच्या वर दोन इंच असावेत, नाहीतर लहान मूल पायात अडकून पडते.

घराची तयारी

तळण आणि शिवण एका दिवशी करू नये. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि अनारसे सुरू झाले की घरभर तेलाचे हात लागतात, आणि नव्या पांढऱ्या कापडावरचा तेलाचा डाग लगेच पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून शोषून घेतला नाही तर पुढे निघत नाही. म्हणून शिवलेले कपडे इस्त्री करून, प्रत्येकाची वेगळी घडी घालून, नावाची चिठ्ठी टाचून जुन्या सुती साडीत बांधून ठेवावेत आणि मगच कढई चढवावी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि गूळ घातलेले पीठ पुढे काही दिवस मुरावे लागते, तेव्हा ते १२-१३ तारखेला भिजत घातले की २१-२२ ला तळणीला येतात. केक ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये तळाशी मीठ घालून, शिट्टी आणि रबर काढून मंद आचेवर होतो.

उरलेल्या चिंध्या टाकू नयेत. गव्हाणीच्या देखाव्याखाली घालायला, दारातल्या ताऱ्याची झालर करायला आणि राहिलेल्या गोधडीला लावायला त्या पुरतात. मुलांना कात्री बोथट द्यावी आणि कापडाचे तारे कापण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. त्या निमित्ताने ती मोठ्यांच्या शिवणीत लुडबूड करत नाहीत.

मंडळीतील एखाद्या विधवा भगिनीच्या किंवा मजुरीसाठी गुजरातकडे गेलेल्या कुटुंबाच्या मुलांसाठी कपडे शिवायचे असतील तर ते नव्या कापडाचेच असावेत आणि आपल्या मुलांच्या कपड्यांच्याच थानातले असावेत. चर्चमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या मुलांमध्ये दिलेला कपडा कोणता, हे कोणालाही ओळखता येऊ नये. माप मुलाला न सांगता घ्यायचे असेल तर त्याच्या आईकडून एक जुना शर्ट मागून घ्यावा. देतानाही २५ तारखेला सर्वांसमोर न देता चार दिवस आधी घरी नेऊन द्यावा, म्हणजे कुठे सैल-घट्ट असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

सण झाल्यावर

नवीन वर्षाची उपासना झाली की कपडे लगेच धुवावेत. मेणाचे थेंब पडले असतील तर आधी ते घट्ट होऊ देऊन नखाने खरवडावेत, मग डागाच्या वर-खाली छपाई नसलेला साधा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी, कागद मेण शोषून घेतो. कृत्रिम कापडावर इस्त्री अगदी मंद ठेवावी. बंडी उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून तिच्या घडीत ठेवावी. मापाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारीख, कापड किती लागले, कुठे किती शिवण आत आहे आणि कोणाच्या फ्रॉकला किती इंचांची चुणी आहे, हे लिहून ठेवावे आणि कागदी नमुने त्याच वहीत घडी घालून ठेवावेत.